सुवार्ता आणि सत्ता

ख्रिस्ती मिशनकार्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा आहे, की मिशनरी हा साम्राज्याचा हस्तक असतो. पुढे धर्मोपदेशक चालतो आणि त्याच्या मागून फौज येते. गोव्याचा इतिहास या आक्षेपाला भक्कम पुरावा देतो. तेथे पोर्तुगीज सत्तेखाली १५६० साली आलेले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, मधला अल्प खंड सोडल्यास १८१२ पर्यंत टिकले, साष्टीतली देवळे पाडली गेली आणि १६८४ साली फर्मान काढून कोकणी भाषेवरच घाला घालण्यात आला. ख्रिस्ती माणसाने यातले काहीही झाकू नये किंवा सौम्य करून सांगू नये. मात्र या पुराव्यावरून आक्षेपक जो निष्कर्ष काढतात, तो टिकत नाही. ‘म्हणून परदेशी जाऊन सुवार्ता सांगण्याचे पाचारणच मुळात दूषित आहे,’ असे ते म्हणतात. माझे म्हणणे नेमके उलट आहे. सत्तेच्या बळावर जे झाले तो पाचारणाचा भंग होता, आणि त्याला तसा भंग म्हणण्याचा निकष त्या पाचारणातच आहे.

सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा देणाऱ्या येशूने त्याआधी शिष्यांना गावोगाव धाडले, ते थैली आणि पैसे न घेता. जे घर दार उघडेल तेथे राहावे आणि पुढ्यात येईल ते खावे. जे गाव नाकारील तेथून पायांची धूळ झटकून निघून जावे. म्हणजे जाणारा यजमानाच्या मर्जीवर अवलंबून असणार आणि ऐकणाऱ्याला नकाराचा अधिकार असणार, या दोन अटी सुवार्तेच्या प्रवासाला पहिल्यापासून जोडलेल्या आहेत. या अटी पाळून कार्य होऊ शकते का, याचे उत्तर गोव्यानेच दिले आहे. १६५१ साली बाणावलीत जन्मलेले कॅथोलिक धर्मगुरू जोसेफ वाझ १६८७ साली मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले. तेथे किनाऱ्यावर डचांचा अंमल होता आणि कॅथोलिक धर्मगुरूंना बंदी होती. पोर्तुगीज सत्ता पूर्वीच उखडली गेली होती. वाझ यांच्या पाठीशी जहाज नव्हते, तोफ नव्हती. ते तमिळ शिकले. १६९२ साली कँडीच्या राज्यात पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैद झाली, तेव्हा त्यांनी सिंहली आत्मसात केली. पुढे त्यांना मोकळीक देणारा राजा दुसरा विमलधर्मसूरिय हा बौद्ध होता, इतका निष्ठावंत की त्याने अराकानहून भिक्षू आणवून खंडित झालेली उपसंपदेची, म्हणजे भिक्षुदीक्षेची, परंपरा पुन्हा सुरू केली. आपल्या धर्माची उभारणी करणाऱ्या राजाला या निःशस्त्र धर्मगुरूची भीती वाटली नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत वाझ यांना संतपद बहाल केले.

‘हा अपवाद झाला,’ असे म्हटले जाईल. पण सत्ता आणि सुवार्ता यांचे वैर इतरत्रही दिसते. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम कॅरी यांना बंगालमधील, डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपूरचा आसरा घ्यावा लागला. १८१३ साली मुंबईत आलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकनांना सरकारने परत जाण्याचा हुकूम दिला होता. काँगोत तर मिशनरी थेट सत्तेविरुद्ध उभे राहिले. विल्यम शेपर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनऱ्याने १८९९ साली कासाई भागात जाऊन तोडलेले ८१ हात मोजले आणि बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या राजवटीतली कत्तल जगापुढे मांडली. पुढे रबर कंपनीवरच्या लेखाबद्दल बदनामीचा खटला झाला, त्यातून १९०९ साली ते निर्दोष सुटले. ते साम्राज्याचे हस्तक असते, तर त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात कोणी उभे केले असते?

दुसरा आक्षेप आमिषाचा: दवाखाना आणि शाळा ही गळाला लावलेली गांडुळे आहेत. हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. समोरच्याने धर्म नाकारल्यावर सेवा थांबली, तर ते आमिष. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा वाझ यांनी रुग्णाचा धर्म विचारला नाही. जेथे मदत धर्मांतराच्या बदल्यात वाटली गेली, तेथे मी आक्षेपकांच्या बाजूने उभा आहे. तिसरा आक्षेप म्हणतो की दुसऱ्याला आपला धर्म सांगणे हाच त्याच्या धर्माचा अपमान. असे मानणारे ऐकणाऱ्याला दुबळा समजतात. मिशनरी जॉन विल्सन यांना मोरभट दांडेकरांनी जाहीर वादात उत्तर दिले. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालत होते. या वादांतून मराठी गद्याला युक्तिवादाची धार आली. आपल्या राज्यघटनेचे २५ वे कलम प्रचाराचे स्वातंत्र्य देते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करवण्याचा हक्क येत नाही असे म्हटले. सुवार्ता सांगणाऱ्याने ही मर्यादा मनोमन स्वीकारावी. सांगणे त्याचे काम आहे. हृदयपालट घडवणे देवाचे, आणि होकार-नकार ऐकणाऱ्याचा.

शेवटचा आक्षेप आपल्याच मंडळ्यांतून येतो: आता प्रत्येक देशात ख्रिस्ती आहेत, घरची गरज मोठी आहे, तेव्हा माणसे कशाला पाठवायची, पैसे पाठवावेत. पैसा पाठवणारा दुरून धनी राहतो; माणूस मात्र तेथे जाऊन पाहुणा होतो, भाषा शिकतो, चुका सुधारून घेतो. म्हणूनच १९०५ साली श्रीरामपूरला स्थापन झालेल्या नॅशनल मिशनरी सोसायटीने भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय नेतृत्व असा आग्रह धरला. तिच्या संस्थापकांपैकी व्ही. एस. अझरिया यांनी १९१० साली एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत पाश्चात्त्य मिशनऱ्यांकडे उपकार नव्हे तर मैत्री मागितली. ज्यांच्याकडे कधी साम्राज्य नव्हते, त्यांनाच ही मैत्री सर्वांत सहज देता येते. म्हणून अहिल्यानगर, वसई, मिरज, गोवा येथल्या मंडळ्यांनी मिशनकार्य हे गोऱ्यांचे जुने काम समजून बाजूला सारू नये. आपल्यातल्या तरुणांना एखादी परकी भाषा शिकवून, सत्तेचा आधार न घेता, नकार ऐकण्याची तयारी ठेवून पाठवावे आणि त्यांचा खर्च आपण उचलावा. गोव्यात सत्तेने सुवार्तेला जो कलंक लावला, त्याला दोषाची कबुली पुरेशी नाही. जोसेफ वाझ यांच्यासारखे रिकाम्या हाताने निघणे हेच त्याचे खरे उत्तर आहे.