मोडेम सोप्यात, राऊटर माजघरात

शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आले की एक तक्रार हमखास कानावर येते. घरात इंटरनेट घेतले आहे, महिन्याचे बिल पोटाला चिमटा घेऊन भरले जाते, पण मुलीला महाडीबीटीचा अर्ज भरायला पुन्हा नेट कॅफेतच जावे लागते. घरी बसले की कागदपत्र चढता चढता मध्येच चाक फिरत राहते, ओटीपीची वेळ संपते आणि सगळे पहिल्यापासून. म्हणजे बिलही भरायचे आणि कॅफेवाल्यालाही द्यायचे.

दोष प्रत्येक वेळी कंपनीचाच असतो असे नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांची रचना आठवा. टेलिफोनची तार पुढच्या दाराने सोप्यात येते, म्हणून कंपनीचा डबाही सोप्यात, दाराच्या वर खिळ्याला लटकलेला. मधे दीड-दोन फुटांची माती-दगडाची भिंत. पोर अभ्यासाला बसते ते मागच्या खोलीत, नाहीतर माडीवर पत्र्याखाली. वायफायच्या लहरी जाड भिंतीत अर्ध्या जिरतात आणि पत्र्यावर आपटून परत फिरतात. मग मोबाईलवर एक कांडी दिसते, आणि ती कांडीही येते-जाते.

यावर एक घरगुती उपाय आहे. त्याला 'मोडेम ब्रिज मोडवर टाकणे' म्हणतात. नाव बिचकवणारे आहे, काम तसे नाही. ज्यांच्या घरी अजून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचे ब्रॉडबँड, म्हणजे डीएसएल आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहीत आहे. अशी घरे आता कमी होत चालली आहेत. फायबरवाल्यांसाठी पुढे दोन शब्द आहेतच.

शेजारच्या वाण्याच्या फोनचा पी.पी. नंबर देऊन नातेवाइकांचे निरोप घेतलेली आपली पिढी. घरात स्वतःचा फोन यायला वर्षानुवर्षे यादीत थांबावे लागे. पुढे त्याच तारेवरून इंटरनेट आले. केंद्र सरकारचे ब्रॉडबँड धोरण २००४ साली ठरले, त्यात सेकंदाला २५६ किलोबिट वेग असला की ते ब्रॉडबँड, अशी व्याख्या होती. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलने डीएसएल सेवा सुरू केली. व्याख्येतला हा किमान वेग २०१३ साली ५१२ किलोबिट झाला आणि २०२३ साली २ मेगाबिट.

एकाच तारेवर बोलणे आणि इंटरनेट दोन्ही कसे चालते, हे समजून घेण्यासारखे आहे. माणसाचा आवाज तारेवर सुमारे ४ किलोहर्ट्झच्या आत मावतो. इंटरनेटचा संदेश त्याच्या बराच वर, २५ किलोहर्ट्झच्या पुढे, धावतो. भिंतीवर जो काडेपेटीएवढा स्प्लिटर असतो, तो या दोघांना वेगळे करतो: एक भोक फोनचे, एक मोडेमचे. स्प्लिटर काढून टाकला की फोनवर खरखर येते आणि बोलताना इंटरनेट तुटते. तारेची लांबी हाही मोठा भाग. एडीएसएल-२ प्लस या प्रकाराचा कागदावरचा कमाल वेग सेकंदाला २४ मेगाबिट आहे, पण तो एक्सचेंजच्या अगदी जवळच्या घराला. चार-पाच किलोमीटरवर त्यातले थोडेच हाती लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागात शिरले होते. जमिनीखालच्या तांब्याच्या केबलच्या सांध्यांत असे पाणी गेले की वेग आणखी खाली येतो. हे आधीच सांगतो, कारण ब्रिज मोडने तारेचा वेग वाढत नाही. तारेतून जेवढे येते तेवढे घरभर नीट पोचवायची ही व्यवस्था आहे.

कंपनीच्या एका डब्यात खरे तर दोन नोकर कोंबलेले असतात. पहिला मोडेम. तो तारेवरची भाषा संगणकाच्या भाषेत आणतो. दुसरा राऊटर. तो कंपनीला नाव-पासवर्ड सांगून हजेरी लावतो, घरातल्या प्रत्येक मोबाईलला नंबर वाटतो, वायफाय पसरवतो आणि बाहेरून कोणी आत येऊ पाहिले तर दारात अडवतो. ब्रिज म्हणजे साकव. ओढ्यावरच्या साकवावर कोणी नाव-गाव विचारत नाही, या काठाचा माणूस त्या काठाला जातो एवढेच. डबा ब्रिज मोडवर टाकला की त्यातला मोडेम तेवढा कामावर राहतो, साकवासारखा. हजेरी, वाटप, राखण ही सगळी कामे आपण विकत घेतलेल्या वेगळ्या राऊटरकडे जातात. मोडेम सोप्यात तारेजवळ राहील, राऊटर मात्र लॅन केबल ओढून माजघरात किंवा माडीवर, जिथे अभ्यास चालतो तिथे ठेवता येईल. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते. आपल्या घरांना दहा-पंधरा मीटर खूप झाली.

काही जण ब्रिज न करताच दुसरा राऊटर पहिल्याला जोडतात. चालते तेही, पण मग दारात दोन टोलनाके होतात. टोल म्हणजे काय हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. २०१५ साली तो रद्द होईपर्यंत शहराने रस्त्यावर उतरून भांडण काढले. इथे नाका एकच पुरे. शिवाय दोन्ही डब्यांचा घरातला पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ हाच असतो. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरे असली की पोस्टमनचे जे होते तेच इथे होते.

दुसरे कारण मला पहिल्यापेक्षा मोठे वाटते. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे मोडेम एका घातकी प्रोग्रॅमने निकामी केले. तेव्हाच्या बातम्यांतला आकडा सुमारे ६० हजारांचा होता. शिकार झाली ती मुख्यतः 'अ‍ॅडमिन' हा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेल्या डब्यांची. कंपनीला ग्राहकांना सांगावे लागले की पासवर्ड बदला. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ साली, 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने हीच युक्ती वापरून जगभरातले कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते. त्याच्याजवळ फार मोठी विद्या नव्हती. कारखान्यांनी घातलेल्या साठेक नाव-पासवर्डांची यादी होती, आणि ती तो दारोदार लावून पाहत होता. आपण नवे कुलूप आणतो आणि किल्ली दारालाच लटकत ठेवतो, तसा हा प्रकार. जोडणीला आलेला माणूस घाईत असतो. वायफाय लागले की तो निघतो, आणि डब्याचा आतला पासवर्ड काय आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसते. ब्रिज मोडवर गेलेल्या मोडेमला बाहेरच्या जगाचा पत्ताच उरत नाही. तो पत्ता राऊटरकडे जातो. म्हणून राखण करायची ती एकाच ठिकाणी, आणि त्या राऊटरची किल्ली आपल्या हातात.

एक सल्ला मात्र मनापासून. तुमचे घर एक-दोन खोल्यांचे असेल, डबा समोर असेल आणि सगळे ठीक चालत असेल, तर राऊटरवर पैसे घालू नका. पासवर्ड बदला आणि स्वस्थ राहा.

करायचेच ठरले तर आधी कागद हाती घ्यावा. कंपनीकडून पीपीपीओईचे यूजरनेम आणि पासवर्ड मागून घ्यावा. वायफायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा. फोनवर टोलवाटोलवी झाली तर सरळ लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. कारकुनी करणाऱ्याचा अनुभव आहे, पोच घेतलेला कागद लवकर हलतो. डबा कंपनीच्या मालकीचा असेल तर ब्रिज करायची परवानगीही त्याच अर्जात मागावी, कारण काही डब्यांचे आतले पान कंपनीने बंद केलेले असते.

राऊटर घेताना दुकानात नीट बघावे. मागच्या 'वॅन' लिहिलेल्या भोकात आठ तारांची रुंद लॅन पिन बसली पाहिजे. टेलिफोनची बारकी पिन बसते तो एडीएसएल राऊटर, या कामाला तो घ्यायचा नाही. दोन्ही डबे सारखेच दिसतात, आणि दुकानदार समोर असेल तो देतो.

आता प्रत्यक्ष काम. संगणक लॅन केबलने मोडेमला जोडावा, वायफायवरून हे करू नये. ब्राऊजरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकावा. पत्ता वेगळा असेल तर तो डब्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर सापडतो. आत गेल्यावर काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या पानावर व्हीपीआय आणि व्हीसीआय असे दोन आकडे दिसतील. बीएसएनएलच्या डीएसएलला ते ० आणि ३५ असतात. ते तसेच राहू द्यावेत. फक्त जोडणीचा प्रकार पीपीपीओई ऐवजी 'ब्रिज' निवडायचा आणि जतन करायचे. नंतर मोडेमचे वायफाय बंद करावे, नाहीतर घरात दोन नावे दिसत राहतील आणि मुले नेमकी चुकीच्या नावाला चिकटतील. मोडेमचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदलावा. नंबर वाटायचे काम, म्हणजे डीएचसीपी, सगळ्यात शेवटी बंद करावे. ते आधी बंद केले तर मध्येच काही कारणाने संगणकाचा नंबर सुटतो आणि उरलेले काम अडते.

मग मोडेमच्या लॅनमधून केबल काढून राऊटरच्या वॅनमध्ये घालावी, संगणक राऊटरला जोडावा. राऊटरच्या पानावर पीपीपीओई निवडून यूजरनेम-पासवर्ड भरावा. एमटीयू विचारला तर १४९२ लिहावा. एका पाकिटात १५०० बाइट मावतात, त्यातले ८ पीपीपीओईच्या चिठ्ठीलाच लागतात, म्हणून हा आकडा. राऊटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.२.१ असा वेगळा करून टाकावा. वायफायला डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडावे आणि पासवर्ड लांब ठेवावा. मुलाचे नाव आणि जन्मसाल हा पासवर्ड नव्हे, ते साऱ्या गल्लीला माहीत असते. 'रिमोट मॅनेजमेंट' चालू असेल तर बंद करावे. बाहेरून आपल्या राऊटरचे पान उघडायची कोणाला गरज नाही.

लगेच लागले नाही तर घाबरायचे कारण नाही. मोडेमवरचा 'डीएसएल' दिवा बघावा. तो लुकलुकत असेल तर दोष तारेत किंवा स्प्लिटरमध्ये आहे, तुमच्या हाताने काही बिघडलेले नाही. तो स्थिर आहे आणि तरी इंटरनेट नाही, तर यूजरनेमची अक्षरे तपासावीत, आणि दोन्ही डबे पाच-दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा लावावेत. जुनी हजेरी कंपनीच्या बाजूला कधी कधी तशीच अडकून राहते. ब्रिज मोडवर मोडेमचा 'इंटरनेट' दिवा बहुतेक डब्यांत विझलेलाच राहतो. एका घरी या विझलेल्या दिव्यासाठी तक्रार नोंदवायची तयारी झाली होती आणि माडीवर मुलगा व्हिडिओ बघत होता! काहीच जमले नाही तर मोडेमच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबावे. डबा पुन्हा कारखान्यातल्यासारखा होतो, आणि तेव्हा काढून ठेवलेले फोटो कामाला येतात. घरातला फोन या सगळ्यात जसा होता तसाच चालतो, कारण त्याची वाट स्प्लिटरपाशीच वेगळी झालेली असते.

फायबर आलेल्या घरांत मोडेमच्या जागी ओएनटी नावाचा डबा असतो. त्यालाही ब्रिज करता येते, राऊटरच्या बाजूचे काम तेच. पण तिथे व्हीपीआय-व्हीसीआयऐवजी व्हीलॅनचा आकडा असतो आणि लँडलाईनही त्याच डब्याला लावलेली असते. तेथील फोनची सेटिंग चुकून हलली तर फोन मुका होतो. म्हणून फायबरवाल्यांनी कंपनीच्या माणसाकडूनच ब्रिज करून घ्यावे, आणि आपला राऊटर आपण सांभाळावा.

आता डबे दोन म्हणजे अ‍ॅडॅप्टरही दोन. एक ९ व्होल्टचा आणि दुसरा १२ चा निघाला, आणि दोघांची पिन सारखी असली, तर अदलाबदल होऊन ९ व्होल्टवाला डबा जळायला वेळ लागत नाही. घेतल्याच दिवशी दोन्हींवर पांढरी पट्टी चिकटवून 'मोडेम', 'राऊटर' असे लिहून ठेवावे. इन्व्हर्टर असेल तर दोन्ही त्यावर हवेत, एकट्या राऊटरचा दिवा लागून उपयोग नाही. आणि वैशाखात वळीव गडगडू लागला की नुसते बटण बंद करून भागत नाही. विजेचा झटका टेलिफोनच्या तारेतूनही येतो. प्लग काढावा, भिंतीवरून मोडेमची बारकी पिनही काढावी, आणि पाऊस ओसरला की पुन्हा लावावी.