स्कॅन केलेला कागद ऐनवेळी का सापडत नाही? उत्तर सरकारी 'सहा गठ्ठ्यां'त

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. घरं बुडाली, तशी कपाटातली खरेदीखतं आणि मार्कशीटही बुडाली. जुलै २०२१ मध्ये सांगलीत पुन्हा पूर आला, साताऱ्याच्या पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. अशा प्रत्येक वेळी एक सल्ला हमखास दिला जातो: कागद स्कॅन करून ठेवा. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. सेतू केंद्राच्या रांगेत फोन चाळत उभा राहणाऱ्या माणसाकडे कागदाचा फोटो असतोच. तो फक्त लग्नाचे फोटो आणि 'शुभ सकाळ'च्या ढिगात गाडलेला असतो.

सर्च का चालत नाही?

साधं स्कॅन म्हणजे चित्र. त्यातली अक्षरं संगणकाला आपोआप वाचता येतीलच असं नाही. मग आधार उरतो फाइलच्या नावाचा. विंडोजमध्ये नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणजे '७/१२' असं नाव देताच येत नाही! घरातला एक जण '७-१२' लिहितो, दुसरा 'सातबारा', तिसरा तेच इंग्रजी अक्षरांत. माणसाला एक, संगणकाला तीन.

लखीना पॅटर्न काय होता?

हा गोंधळ कागदांच्या काळात सरकारी कार्यालयांनीही भोगला. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी त्यावर शिस्त बसवली. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे: प्रलंबित, उत्तराच्या प्रतीक्षेतले, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. अभिलेखाला वेगळी वर्गवारी: 'अ' कायम, 'ब' ३० वर्षं, 'क' १० वर्षं, 'क-१' ५ वर्षं, 'ड' एक वर्ष. साताऱ्यातल्या निढळचे चंद्रकांत दळवी पुण्याचे विभागीय आयुक्त असताना २०१७ मध्ये 'झीरो पेंडन्सी' मोहीम निघाली. पुणे विभागातले सातारा-सांगलीही तिच्यात आले.

यातली खुबी विषयवारीत नाही. कागदाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न तिथे आधी विचारला जातो. संगणकावर मात्र आपण उलट करतो. 'शेती', त्यात 'बँक', त्यात 'जुनं', त्यात 'नवीन फोल्डर २'. पाचव्या पायरीवर फाइल हरवते.

घरी कसं बसवायचं?

घराला सहाही गठ्ठे लागत नाहीत. 'चालू', 'कायम' आणि 'ड' हे तीन फोल्डर पुरेत. खरेदीखत, वारसनोंद, मार्कशीट 'कायम'मध्ये. पीकविम्याचा अर्ज निकाल लागेपर्यंत 'चालू'मध्ये. नाव लिहिताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: '२०२४-०८-१५ पीकविमा आई'. दिवस आधी लिहिला की सगळ्या वर्षांच्या १५ तारखा एका रांगेत येतात. आणि '७-१२' की 'सातबारा', हे घरात एकदाच ठरवावं.

'ड' फोल्डर कोणालाच आवडत नाही, पण सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. डिजिटल स्वाक्षरीचा ताजा उतारा ऑनलाइन मिळतो, त्यामुळे त्याच उताऱ्याच्या नऊ प्रती साठवण्यात काही अर्थ नाही. डिजिलॉकरमध्ये संस्थेने थेट दिलेली कागदपत्रं मूळ कागदाच्या बरोबरीची धरली जातात. त्यांचे मोबाइलवरचे धूसर फोटो खुशाल पुसावेत.

एवढं करून पेन ड्राइव्ह मात्र तळमजल्यावरच्या त्याच कपाटात ठेवला जातो, खरेदीखताच्या शेजारी. त्याची दुसरी प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे हवी.