सेफ्टी कोणासाठी आणि कशापासून?

१/ खिशात मावणाऱ्या पिस्तुलांच्या इतिहासात 'सेफ्टी' या शब्दाइतकी दिशाभूल क्वचितच दुसऱ्या कशाने केली असेल. शस्त्रांवरील लोकप्रिय लेखनात सेफ्टी मोजल्या जातात, एक, दोन, तीन. आणि ज्या पिस्तुलात त्या अधिक, ते अधिक सुरक्षित असा निकाल दिला जातो. इतिहासाच्या कसोटीवर हा निकाल टिकत नाही.

२/ प्रत्येक सेफ्टी म्हणजे एका विशिष्ट अपघाताला दिलेले उत्तर असते. शस्त्र हातातून पडणे, खिशात अडकणे, भरलेले असताना रिकामे वाटणे, मुलाच्या हाती लागणे हे चार निरनिराळे अपघात आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

३/ पहिला अपघात पडण्याचा. जानेवारी १८७६, विचिटा, कॅन्सस. पुढे दंतकथा बनलेला वायट अर्प तेव्हा तेथे पोलीस अधिकारी होता. सलूनमध्ये बसला असताना त्याचे रिव्हॉल्व्हर कमरेवरून घसरले, घोडा खुर्चीवर आपटला आणि गोळी सुटली. ती त्याच्याच कोटातून आरपार गेली. दंतकथा हा प्रसंग सोयीस्करपणे विसरतात.

४/ दोष रचनेत होता. त्या काळच्या रिव्हॉल्व्हरमध्ये खाली बसलेला घोडा थेट काडतुसाच्या बुडाशी टेकलेला असे. त्यावर जाणत्यांनी काढलेला उपाय विनाखर्चाचा होता : चक्रीत सहा घरे असली तरी काडतुसे पाचच भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा. त्या युगातील उत्तम सेफ्टी हा यंत्राचा भाग नव्हता, ती सवय होती.

५/ शस्त्र कमरेवरून खिशात गेले आणि दुसरा अपघात पुढे आला. घोड्याचे टोक कापडात अडकू लागले. १८८७ साली स्मिथ अँड वेसनने घोडा पूर्णपणे आत दडवलेले रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. मुठीच्या मागे एक पट्टी होती. ती घट्ट दाबल्याखेरीज चाप ओढला जात नसे. लोकांनी त्याला लिंबू पिळायच्या यंत्राचे नाव दिले.

६/ त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधील आयव्हर जॉन्सन कंपनीने पडण्याच्या अपघातावर यांत्रिक तोडगा काढला. घोडा आणि फायरिंग पिन यांच्यामध्ये एक छोटी पट्टी. चाप पूर्ण ओढला तरच ती वर येऊन आघात पुढे पोहोचवते. एरवी घोड्यावर हातोडी मारली तरी गोळी सुटत नाही. अभियांत्रिकी म्हणून ही रचना खरोखर उत्तम होती.

७/ अनर्थ घडला तो जाहिरातीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच कंपनीने एक चित्र छापले : बिछान्यात बसलेली चिमुकली, जवळ बाहुली, हातात रिव्हॉल्व्हर, आणि यापासून इजा होत नाही असे बाबा म्हणतात, अशा आशयाची ओळ. सोबत ग्वाही, की अपघाताने गोळी सुटणे अशक्य.

८/ ग्वाही पडण्याच्या अपघातापुरती खरी होती; चित्र मात्र मुलाच्या हाती लागण्याच्या अपघाताचे होते. त्या मुलीने चाप ओढला असता तर मधली पट्टी इमानाने वर आली असती आणि गोळी सुटली असती. यंत्र आपल्या जागी खरे होते. खोटेपणा होता तो एका अपघाताचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर विकण्यात.

९/ पिस्तुलासमोर उभ्या असलेल्या माणसाचा तर या हिशेबात समावेशच नव्हता. ६ सप्टेंबर १९०१ रोजी बफलो येथे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर रुमालाखाली लपवलेल्या शस्त्रातून गोळ्या झाडल्या गेल्या. ते .३२चे रिव्हॉल्व्हर आयव्हर जॉन्सनचेच होते. आठ दिवसांनी मॅकिन्ली यांचे निधन झाले.

१०/ सेफ्टी मोजणाऱ्यांचा आवडता नमुना म्हणजे ब्राउनिंगने रचलेले एफएन १९१०. हाताने फिरवायची कळ, मुठीची पट्टी, मॅगझिन काढताच चाप निकामी करणारी रचना, अशा त्यात तीन सेफ्टी होत्या. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपच्या हातात हेच पिस्तूल होते.

११/ ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींच्या हत्येसाठी वापरले गेलेले बेरेटा एम १९३४ हेही लहान, लपवता येणारे पिस्तूल. त्याला हाताने फिरवायची एकच कळ. तीन असोत की एक, समोरच्या माणसाच्या दृष्टीने फरक शून्य.

१२/ यावर आक्षेप येईल : खून रोखणे हे सेफ्टीचे कामच नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण मग त्याच न्यायाने सेफ्टीच्या नावावर घराच्या, कुटुंबाच्या, बालकांच्या सुरक्षिततेचे आश्वासनही देता येत नाही. बाळगणाऱ्याला त्याच्याच शस्त्रापासून वाचवणे, तेही ठरावीक प्रसंगी, एवढेच तिचे खरे कार्यक्षेत्र.

१३/ रिकामे वाटण्याचा अपघात सर्वांत कपटी. मॅगझिन काढले तरी चेंबरमध्ये एक काडतूस उरू शकते. मॅगझिन सेफ्टी यासाठीच आली. पण तिच्या भरवशावर चेंबर उघडून पाहण्याची सवय सुटली, तर ती रचना नसलेले पिस्तूल हाती येताच तोच भरवसा जीव घेतो.

१४/ १९८२च्या ग्लॉकने बाहेरची कळच काढून टाकली. त्याच्या सेफ्टी तीन, एक चापावर आणि दोन आत दडलेल्या. चाप ओढला की त्या क्रमाने बाजूला होतात. पडण्यापासून संरक्षण भक्कम, चापावरच्या चुकीच्या दाबापासून जवळपास नाहीच. २००८ साली न्यूयॉर्कमध्ये फुटबॉलपटू प्लाक्सिको बरेस याने ग्लॉक म्यानाविना कमरेला खोचले होते. ते घसरले आणि गोळी त्याच्याच मांडीत गेली.

१५/ अर्प आणि बरेस यांच्यात १३२ वर्षांचे अंतर. पहिल्याचे यंत्र दोषी होते, दुसऱ्याच्या यंत्राने नेमून दिलेले कामच केले. दुसऱ्याला हवी होती ती चाप झाकणारी कडक म्यान, आणि ती कोणत्याही पिस्तुलाच्या सेफ्टींच्या यादीत नसते.

१६/ हे प्रकरण केवळ परदेशी नाही. २०१४च्या आरंभी कानपूरच्या आयुध कारखान्याने 'निर्भीक' हे .३२चे हलके रिव्हॉल्व्हर स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून आणले. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. नाव दिल्लीच्या 'निर्भया'ची आठवण देणारे. समाजाने द्यायची सुरक्षितता पर्समध्ये मावेल अशी वस्तू करून विकण्याची ही तीच जुनी रीत.

१७/ म्हणून कोणत्याही लहान पिस्तुलाची पारख करताना सेफ्टी किती, हा प्रश्न दुय्यम. पहिले प्रश्न तीन : ही कोणत्या अपघातासाठी आहे? कोणत्या अपघातासाठी नाही? आणि जिथे ती नाही, तिथे कोणती सवय, कोणती म्यान, कोणते कुलूप उभे आहे?

१८/ त्या बिछान्यातल्या मुलीला वाचवू शकणारी गोष्ट रिव्हॉल्व्हरच्या आत नव्हतीच. ती होती कपाटाला लावलेले कुलूप. आणि कुलपाची जाहिरात रिव्हॉल्व्हर विकणारा कशाला करील?