तापल्यावर रुसणारी गाडी

सतत अंगात असणाऱ्या तापापेक्षा पाळीचा ताप वैद्याला अधिक चकवतो, ही गोष्ट आपल्या घरोघरच्या वृद्धांना पूर्वापार ठाऊक आहे. वैद्य दारात येतो तेव्हा रोगी उठून बसलेला असतो. वैद्याने पाठ फिरवली की हुडहुडी भरते. जुन्या मोटारगाड्यांच्या व्याधींतही असाच एक पाळीचा ताप आहे. सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते. उन्हातून धावून आल्यावर बंद केली की अर्ध्या तासाने काही केल्या दाद देत नाही. आणि मिस्त्री येईपर्यंत निवून पुन्हा शहाण्यासारखी चालू होते. मिस्त्री म्हणतो, गाडीत दोष नाही. मालक म्हणतो, मिस्त्रीला समजत नाही. दोघेही आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलेच सांगत असतात.

आमच्या हजीऱ्याला या व्याधीची चांगलीच परीक्षा होते. ८ नोव्हेंबर २०२० रोजी हजीरा ते घोघा अशी वाहने नेणारी बोट सुरू झाली आणि खंभातच्या आखाताला वळसा घालून जाणारा सुमारे ३७० किलोमीटरांचा रस्ता समुद्रमार्गे सुमारे ९० किलोमीटरांवर आला. आमच्या परिचयाचे एक खानदेशी गृहस्थ आपल्या जुन्या डिझेल पिकअपमधून केळी भरून या बोटीने भावनगरकडे जातात. सुरतेहून धावत आलेली गाडी धक्क्यावरील रांगेत उभी राहते, इंजिन बंद होते, आणि रांग पुढे सरकू लागली की सेल्फ कण्हू लागतो. मागच्या ट्रकांचे भोंगे, बोट सुटण्याची घाई आणि हौद्यात पिकत चाललेली केळी! पलीकडे घोघ्याला उतरताना मात्र तीच गाडी बिनतक्रार सुरू होते. “गुरुजी, ही गाडी चारचौघांत माझी अब्रू घेते हो,” असे ते एकदा आम्हांस म्हणाले. डिझेल पंप उतरवून नव्याने भरून घ्या, असा सल्ला त्यांना मिळाला होता. तो खर्च म्हणजे त्यांच्या दोन-तीन महिन्यांची कमाई.

इंजिन बंद केले की ते लगेच निवू लागते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात इंजिनाबरोबर पंखा थांबतो, पाण्याचे फिरणेही थांबते, आणि तापलेल्या लोखंडातील उष्णता शेजारच्या सेल्फला, डिझेल पंपाला व वायरींना पोचू लागते. म्हणून बंद केल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास हाच या भागांना सर्वांत कष्टाचा काळ होय. बोटीवरील काही तासांत सारे निवते. अर्थात रांगेत रुसणे आणि घोघ्याला हसणे ही गाडीची लहर नसून नियम होता.

वाचकांपैकी कोणावर हा प्रसंग आल्यास त्यांनी प्रथम एकच प्रश्न विचारावा : सेल्फ मुळीच फिरत नाही, मंद फिरतो, की जोमाने फिरूनही इंजिन पेट घेत नाही? या तीन उत्तरांच्या वाटा वेगळ्या आहेत. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तेल पेटते. त्यामुळे पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत सांगितले जाणारे कॉइलचे, प्लगचे वा नळीत वाफ धरण्याचे उपाय येथे करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सेल्फ मंद फिरत असेल, तर बॅटरी, तिच्या जाड वायरी, अर्थिंग आणि स्वतः सेल्फ यांकडे पाहावे. तांब्याचा विद्युत्-रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो. म्हणजे ५० अंशांनी तापलेल्या वायरीत तो पाचव्या हिश्शाने अधिक होतो. सेल्फ शेकडो अँपिअर प्रवाह ओढतो. थंड असताना जेमतेम निभावणारा गंजका जोड गरम झाल्यावर निभावत नाही, तो यामुळेच. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला व दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारावा. काटा अर्ध्या व्होल्टाच्या पुढे गेला, तर अर्थिंगची वाट बिघडली आहे असे समजावे. मात्र ही तपासणी गाडी रुसलेली असतानाच करावयाची.

सेल्फ जोमाने फिरत असेल, तर डिझेलच्या वाटेकडे वळावे. स्टॉपची वायर पूर्ण परत जाते की नाही, नळ्यांत हवा शिरते की काय, हे आधी पाहावे. मग पंप. झिजलेल्या पंपातील तापून पातळ झालेले डिझेल फटींतून आतल्या आतच निसटते आणि नोझलला पुरेसा दाब मिळत नाही. अशा वेळी पंपावर ओले फडके काही मिनिटे ठेवावे. त्यानंतर गाडी सुरू झाली, तर संशय पंपावर बळावतो. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतणे मात्र कटाक्षाने टाळावे.

धक्का मारल्यावर गाडी सुरू झाली म्हणजे सेल्फच खराब, हा सर्रास काढला जाणारा निष्कर्ष अपुरा आहे. धक्क्याने इंजिन वेगाने फिरते, आणि त्या वेगामुळे झिजलेला पंपही दाब धरतो. स्क्रूड्रायव्हरने सेल्फ जोडून पाहण्याची सवय तर घातकच. गिअरमध्ये राहिलेली गाडी तपासणाऱ्याच्याच अंगावर येते.

आम्ही भाषेचे शिक्षक; पाना हाती धरण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु वही धरण्याचा आहे. त्या गृहस्थांना आम्ही एक वही दिली व प्रत्येक वेळी तारीख, किती अंतर धावली, किती मिनिटे उभी होती आणि सेल्फचा आवाज कसा होता, एवढेच लिहावयास सांगितले. ती पाने वाचून एक वयोवृद्ध वायरमन मीटर घेऊन थेट रांगेतच आले. पंपाला हात न लावता त्यांनी अर्थिंगची वायर सोडवली; खाऱ्या वाऱ्याने तिचे टोक आवरणाखाली हिरवे पडले होते. नवी वायर बसली, जोड घासून स्वच्छ झाले, आणि पंप जागच्या जागी राहिला.

इंदूर-जबलपूरच्या वाचकांकडे समुद्र नाही, पण ऊन आहे आणि जुन्या गाड्याही आहेत. मिस्त्रीकडे जाताना “कधीकधी सुरू होत नाही” असे सांगू नये. या ‘कधीकधी’मध्येच पुष्कळांचे पैसे बुडाले आहेत. “तीस किलोमीटर धावून वीस मिनिटे थांबली की सेल्फ मंद होतो, दोन तासांनी बरा होतो” असे सांगावे. एवढ्या वाक्यावर चांगला मिस्त्री अर्धे काम बसल्या जागी करतो.