आधी पट्टा बघा!

दोस्तांनो, आज तुम्हाला एक व्यवहार ठरवायचा आहे. हसू नका! व्यवहार खरा आहे, पैसेही खरे आहेत आणि एकदा गेले की परत येणारे नाहीत.

पेणहून रोह्याकडे गाडीने निघालात, की कासू, नागोठणे आणि मग निडी स्टेशन लागतं. त्या निडीला माझ्या चुलतभावाची भातशेती आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला.

"अरे, एक जुनं हार्वेस्टर मिळतंय. पट्ट्यांवर चालणारं. इंजिन झकास आहे म्हणतात. घेऊन टाकू का? तू एकदा येऊन बघ."

"पैसे?" मी विचारलं.

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "पोरीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेत ते. उरलेलं कर्ज काढीन. दोन हंगामात वसूल होईल."

ती पोर, म्हणजे माझी पुतणी, तेव्हा अकरावीत होती. आता सांगा, तुम्ही तिच्या जागी असतात तर काय म्हणाला असतात? थांबा, लगेच उत्तर देऊ नका. आधी ते यंत्र काय आहे ते पाहू.

हार्वेस्टर म्हणजे भात कापणारं, झोडणारं आणि दाणे वेगळे करणारं यंत्र. सगळी कामं चालता चालता! तुम्ही पोकलेन पाहिलंय ना? त्याला चाकांऐवजी दोन्ही बाजूंना लांब पट्टे असतात. तसेच पट्टे याला असतात, फक्त लोखंडाऐवजी रबराचे. आता हे पट्टे कशासाठी? कारण रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दसरा-दिवाळीला भात पिकतं, तेव्हासुद्धा खाचरात ओल असते. वरून परतीचा पाऊस आला, तर उभं पीक आडवं होतं, आणि आडवं झालेलं भात दोन-चार दिवस भिजलं की दाण्याला मोड येतात. म्हणजे चार महिन्यांची मेहनत चार दिवसांत मातीत. कापणीला माणसं मिळत नाहीत ती नेमकी त्याच दिवसांत. माझ्या भावाला यंत्र हवंसं वाटलं, ते उगाच नाही.

आता एक गणित करू. समजा, तुमचं वजन ४५ किलो आहे. एका पायावर उभे राहा. तुमच्या तळव्याचं क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर धरलं, तर एका चौरस सेंटिमीटरवर ३०० ग्रॅम भार येतो. आता समजा, हार्वेस्टरचं वजन ३,००० किलो आहे. त्याचा प्रत्येक पट्टा ४५ सेंटिमीटर रुंद आणि जमिनीला टेकलेला भाग १६० सेंटिमीटर लांब. दोन पट्ट्यांचं मिळून १४,४०० चौरस सेंटिमीटर. करा भागाकार. चौरस सेंटिमीटरला साधारण २०० ग्रॅम! म्हणजे तीन टनांचं धूड चिखलात तुमच्या एका पायापेक्षा कमी रुततं. वजन तेवढंच, पण ते पसरलं गेलं. पट्ट्याची सगळी जादू एवढीच.

ही जादू चिखलात चालते तशी बर्फातही चालते. तिची एक गोष्ट सांगतो. एव्हरेस्टवर तेनसिंगबरोबर चढलेले एडमंड हिलरी तुम्हाला माहीत आहेत. तेच हिलरी १९५७ साली अंटार्क्टिकावर होते. १४ ऑक्टोबरला ते दक्षिण ध्रुवाकडे निघाले. कशातून, माहीत आहे? फर्ग्युसनच्या तीन ट्रॅक्टरांतून. होय, शेत नांगरायचे ट्रॅक्टर! त्यांच्या चाकांवरून पट्टे चढवलेले होते. एक ट्रॅक्टर बर्फाच्या भेगेत पडला तर बाकीच्यांनी त्याला धरून ठेवावं, म्हणून ते दोराने एकमेकांना बांधलेले होते. सोबत 'वीझल' नावाचं चौथं वाहन होतं. ते मात्र खास बर्फासाठीच बनवलेलं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. म्हणजे तेव्हा दहा वर्षांहून जुनं.

४ जानेवारी १९५८ रोजी हिलरी ध्रुवावर पोचले. तिन्ही ट्रॅक्टर पोचले. आणि वीझल? ते वाटेतच मोडलं. तिथेच बर्फात सोडून द्यावं लागलं.

आता यावरून "जुनं ते वाईट" असा धडा काढू नका हं. धडा निराळा आहे. यंत्र कशासाठी बनवलं होतं, हे त्याच्या नावावरून कळतं. पण ते आज, इथे, तुमच्या कामाला उभं राहील का, हे नावावरून कळत नाही. ते वाकून, चिखलात हात घालून बघावं लागतं. परदेशात अजूनही हौशी लोक ती जुनी बर्फावरची वाहनं विकत घेतात. त्यांच्यापुढे जो प्रश्न असतो तोच निडीत माझ्या भावापुढे होता.

तर आम्ही तिघं यंत्र बघायला गेलो. भाऊ, मी आणि पुतणी. तिने वही घेतली होती. मालकाने चावी फिरवली आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं. भाऊ खूश! पुतणीने मात्र इंजिनावर हात ठेवून पाहिला होता, चावी फिरवायच्या आधीच.

ती हळूच म्हणाली, "काका, हे गरम आहे. आपण यायच्या आधीच चालवून ठेवलंय."

पहिला धडा लिहून घ्या. जुनं इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं. गरम इंजिन कुणीही सुरू करील.

मग आम्ही पट्ट्यांकडे वळलो. पट्ट्याला फिरवतं कोण? एक दातेरी चाक. सायकलच्या पायडलापाशी साखळीचं चाक असतं ना, तसंच. हे दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांची जोडी जमवण्यामागे एक दुःखाची गोष्ट आहे. कॅनडात क्युबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचं गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डिए नावाचा तरुण मेकॅनिक राहत असे. १९३४ सालच्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते. मुलाला इस्पितळात नेता आलं नाही आणि तो गेला. बर्फावरून धावणाऱ्या गाडीचा ध्यास बॉम्बार्डिएला आधीपासूनच होता. आता तो हात धुऊन मागे लागला. रबराने मढवलेलं दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा पट्टा त्याने तयार केला आणि १९३७ साली त्याचं पेटंट मिळवलं. पुढे त्याच्या पट्ट्यांच्या गाड्यांतून बर्फाळ गावांत डॉक्टर जाऊ लागले, मुलं शाळेत जाऊ लागली.

म्हणून म्हणतो, पट्ट्याच्या वाहनाचा जीव इंजिनात असतो त्याहून जास्त पट्ट्यात असतो. इंजिन दुरुस्त करणारा मेकॅनिक तालुक्याला मिळेल. पट्टा झिजला तर तो नवाच घ्यावा लागतो, आणि तो स्वस्त नसतो.

आमच्या यंत्राच्या दातेरी चाकाचे दात मांजराच्या नखांसारखे बारीक आणि वाकडे झाले होते. नवा दात गुबगुबीत असतो. पट्ट्याला आतल्या बाजूने चिरा होत्या, आणि दोन ठिकाणी रबर फाटून पोलादी तारा दिसत होत्या. तारेत पाणी शिरलं की गंज चढतो, आणि पट्टा तुटतो तो भर हंगामात, भर खाचरात. किती तास चाललंय ते दाखवणाऱ्या मीटरवर आकडा मात्र अगदीच लहान होता! एवढ्या थोड्या तासांत दात इतके झिजतील का? पुतणीने वहीत दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या आणि पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

भाऊ म्हणाला, "पट्टे बदलू. त्यात काय!"

"बाबा, पण ते कुठे मिळतात? किती दिवसांत येतात?"

मालक म्हणाला, "मागवले की येतात."

किती दिवसांत, ते त्याने सांगितलं नाही. आणि खरी मेख तिथेच होती. १९८१च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या मुरगाव बंदरातून भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली. १९८९ पासून तिथे आपलं 'मैत्री' हे केंद्र आहे. तिथेही जड सामान ओढायला पट्ट्यांची वाहनं असतात. पण जड सामानाचं जहाज जातं वर्षातून एकदा, तिथल्या उन्हाळ्यात. जो सुटा भाग नेला नाही, त्याची वाट पुढच्या जहाजापर्यंत बघायची. तुम्ही म्हणाल, निडी म्हणजे काही अंटार्क्टिका नव्हे. रेल्वे आहे, रस्ता आहे. खरंय. पण कापणीचे दिवस असतात वीस-पंचवीस. त्यात पट्टा यायला पंधरा दिवस लागले, तर भातासाठी निडी आणि अंटार्क्टिका सारखंच की!

घरी आल्यावर पुतणी एकटीच शेतावर गेली. पावलांनी खाचरं मोजत फिरली. रात्री जेवणं झाल्यावर तिने वही सगळ्यांसमोर ठेवली. तिचं गणित असं होतं :

आपली जमीन तीन एकर, म्हणजे १२० गुंठे. खाचरं ३१. म्हणजे एक खाचर सरासरी चार गुंठ्यांच्या आतलं, जेमतेम वीस मीटर लांब नि वीस मीटर रुंद. यंत्र एवढ्यात चाललं कमी आणि वळलं जास्त. पट्ट्यांचं वाहन वळतं ते एका बाजूचा पट्टा थांबवून, जमीन खरवडत. त्यात बांध ढासळतात. कोपरे शेवटी विळ्यानेच कापावे लागणार.

आपलं सगळं भात दोन-तीन दिवसांत कापून होईल. बाकीचे दिवस ते लोकांकडे भाड्याने चालवायचं. पण दुसऱ्या गावी नेताना ते डांबरावरून चालवता येत नाही, रबर झिजतं. ट्रकवर चढवावं लागतं. त्याचं भाडं वेगळं.

आणि शेवटचा मुद्दा. आपल्या खाचरात जायची वाट दुसऱ्यांच्या खाचरांतून आहे. आपण हळवं भात लावतो, ते लवकर पिकतं. मधल्या खाचरांत गरवं असतं, ते उशिरा पिकतं. त्यांच्या उभ्या पिकावरून यंत्र न्यायचं का?

घरात कुणी बोललं नाही. मग आजी म्हणाली, "नि पेंढ्याचं काय गो? यंत्रानं तुडवला तर गुरांना काय घालू?" हा मुद्दा वहीतसुद्धा नव्हता!

भाऊ बराच वेळ अंगणात येरझाऱ्या घालत होता. त्याला वाईट वाटलं, ते दिसत होतं. शेवटी तो आत आला आणि म्हणाला, "नको घेऊ या."

त्याऐवजी त्याने शेजारच्या चार घरांशी बोलणी केली. एका पट्ट्यातल्या सगळ्यांनी एकाच सुमारास पिकणारं भात लावायचं आणि सगळ्यांनी मिळून हार्वेस्टर भाड्याने आणायचं. एरवी ही गोष्ट कुणी ऐकली नसती. वहीतला नकाशा पाहून ऐकली.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळं छान झालं! तसं नाही हो. भाड्याचं यंत्र कबूल केल्यापेक्षा तीन दिवस उशिरा आलं. मधल्या पावसात खालच्या सहा खाचरांतलं भात आडवं झालं. ते घरच्यांनी गुडघाभर ओल्या पेंढ्यात उभं राहून विळ्याने कापलं, आणि त्यातलं काही वायाच गेलं. तेव्हा भाऊ एकदा बोलून गेलाच, "स्वतःचं यंत्र असतं तर!" पुतणी काही बोलली नाही. विळा चालवत राहिली. कारण तो म्हणाला ते खोटं नव्हतं. भाड्यात उशिराचा धोका असतो, मालकीत मोडण्याचा. त्यातला कुठला धोका आपल्याला झेपेल, तेवढंच आपल्या हातात असतं. तिची फी मात्र बँकेत शाबूत आहे.

ते जुनं यंत्र पुढे विकलं गेलं म्हणे. घेणाऱ्याची खाचरं मोठी असतील, घरात मेकॅनिक असेल, पट्ट्याचे पैसे त्याने किमतीतून कापून घेतले असतील, तर त्याचा व्यवहार चुकला असं मी म्हणणार नाही. एकच यंत्र एकाला तारतं, दुसऱ्याला बुडवतं. फरक असतो तो जमिनीत.

तेव्हा दोस्तांनो, घरात जुनी वस्तू घ्यायची चर्चा निघाली, मग ती सायकल असो, पंप असो की मोटारसायकल, तर तुम्ही नुसतं "घ्या ना, घ्या ना" करू नका. वही घ्या. थंड असताना सुरू करून बघा. सर्वांत जास्त झिजणारा भाग कुठला ते विचारा, तो कुठे मिळतो आणि किती दिवसांत, तेही विचारा. कागदपत्रांवर नाव कुणाचं आहे, कर्जाचा बोजा आहे का, ते मोठ्यांना बघायला सांगा. आणि ती वस्तू वर्षातले किती दिवस लागणार, ते मोजा. मोठी माणसं रागावतील कदाचित. पण वहीतला आकडा कधी ओरडत नाही, म्हणून तो ऐकला जातो.

बरं, जाता जाता एक काम. वर्तमानपत्राच्या कागदावर पाय ठेवा, पेन्सिलीने कड काढा, चौकोन मोजा आणि तुम्ही जमिनीवर किती भार टाकता ते काढा. तीन टनांच्या हार्वेस्टरपेक्षा जास्त निघाला, तर घाबरू नका. फक्त चिखलात जपून चाला!