नकाराला दलाली नाही

ठाण्याचा घोडबंदर रस्ता असो, पुण्यातले वाकड असो की विरार स्टेशनबाहेरची गल्ली, ‘रेंट, सेल, रिसेल’ अशी पाटी लावलेल्या छोट्याशा गाळ्यात सकाळी एकाच पद्धतीने काम सुरू होते. रात्रीत व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर आलेल्या जागा चाळायच्या, ‘उठलेल्या’ बाजूला काढायच्या, किल्ली वॉचमनकडे आहे की शेजारच्या काकूंकडे ते विचारायचे, ओनरला फोन, पार्टीला वेळ आणि मग उन्हातान्हात बाइकवरून एकामागून एक जागा दाखवत फिरायचे. काम मेहनतीचे आहे. गाळ्याच्या मालकाकडे राबणाऱ्या पोरांना तर बहुतेक ठिकाणी पगारही नसतो. डील झाली तर भाड्याच्या जागेमागे साधारण एका महिन्याचे भाडे, तेही बऱ्याचदा दोन्ही बाजूंकडून. विक्री असेल तर किमतीच्या एक ते दोन टक्के. पार्टी आणि ओनर परस्पर ‘डायरेक्ट’ झाले तर पेट्रोलसुद्धा अंगावर. या कष्टांबद्दल आमच्या मनात यत्किंचितही तुच्छता नाही. भीती आहे ती या कमाईच्या रचनेची. ‘हे घर घेऊ नका, कागद ठीक दिसत नाहीत’ असे सांगणाऱ्या एजंटाला या व्यवहारात एक रुपयाही मिळत नाही.

हे एकट्या एजंटाचे नाही. बिल्डरच्या सेल्स ऑफिसातल्या मुलीचा इन्सेन्टिव्ह बुकिंगवर ठरतो. गृहकर्ज आणून देणाऱ्याची टक्केवारी कर्ज वाटले गेले की मिळते. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकी खरी की खोटी याचा निवाडा करत नाही. उरला सर्च रिपोर्ट काढणारा वकील. तोही अनेकदा एजंटानेच सुचवलेला असतो, आणि दर महिन्याला कामे आणून देणाऱ्याला दुखवणे कोणत्याही पेशात अवघडच. म्हणजे आयुष्यभराची पुंजी ज्या क्षणी हातची जाते, त्या क्षणी खोलीतला प्रत्येक जण खरेदीदाराने ‘हो’ म्हणावे याची वाट पाहत असतो. खरेदीदार मात्र समजतो की निदान एजंट तरी आपला आहे. नव्या प्रकल्पात तर एजंटाची दलाली बिल्डर देतो, आणि जिथे घरे खपत नाहीत तिथे ती वाढवून देतो. मग ग्राहकाला आधी कोणती साइट दाखवली जाईल, हे वेगळे सांगायला हवे का?

याचे मोल काय असते ते डोंबिवलीने पाहिले आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून, त्यांच्याच आधारे महारेराची नोंदणी मिळवून उभ्या केलेल्या 65 इमारतींवर मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये हातोडा चालवण्याचा आदेश दिला. रहिवाशांच्या हातात रेरा क्रमांक होता, नोंदवलेला करार होता, अनेकांकडे बँकेचे कर्जही होते. एवढे सगळे असूनही घर बेकायदा. नालासोपाऱ्यात तर सांडपाणी प्रक्रिया आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवरच्या 41 इमारती 2025 च्या सुरुवातीपर्यंत जमीनदोस्त झाल्या आणि माणसे सामानासह रस्त्यावर आली. विकास आराखडा हा काही गुप्त दस्तऐवज नव्हे. त्या जमिनीवरचे आरक्षण पाहायला एक फेरी पुरली असती. या सगळ्या घरांच्या विक्रीत एजंटच होते असा आरोप आम्ही करणार नाही. काही घरे थेट विकली गेली असतील. पण जिथे मध्यस्थ होता तिथे त्याने त्या एका फेरीची तसदी का घेतली असावी? फेरीचे पैसे मिळत नाहीत आणि फेरी न मारल्याची शिक्षाही होत नाही. बनावट प्रकरण उघड झाल्यावर महारेराने स्थानिक संस्थांकडून परवानग्यांची परस्पर खातरजमा सुरू केली, हे चांगलेच. पण त्या आधीच्या काळात विकली गेलेली घरे त्याने कायदेशीर होत नाहीत.

कायदा नाही, असे म्हणायची सोय नाही. स्थावर संपदा कायदा, म्हणजेच रेरा, 2016 चा, पूर्णपणे लागू झाला 1 मे 2017 पासून. त्याचे नववे कलम एजंटाला नोंदणी सक्तीची करते. दहावे कलम त्याहून महत्त्वाचे: नोंदणी नसलेल्या प्रकल्पातले घर विकायला मदत करायची नाही, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, बिल्डरकडे नसलेली मंजुरी आहे म्हणून सांगायचे नाही, आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला ज्या कागदांचा हक्क आहे ते सगळे त्याच्या हाती पडतील हे पाहायचे. हे मोडले तर दिवसाला 10,000 रुपये दंड, आणि तो साचत साचत घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. कागदावर हे कडक आहे. पण हे सारे बंधन कायद्याने ‘स्थावर संपदा प्रकल्पा’तल्या खरेदी-विक्रीपुरते घातले आहे. त्यातही 500 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठ घरांपर्यंतची इमारत असेल तर प्रकल्पाला नोंदणीचीच गरज नाही. जुन्या सोसायटीतला वन बीएचके दुसऱ्याला विकायचा, दिव्यातली खोली नोटरीच्या कागदावर हातोहात खपवायची, अंधेरीतला फ्लॅट भाड्याने लावायचा, यातले काहीही या कायद्याच्या कक्षेत येत नाही. आणि स्टेशनबाहेरच्या त्या गाळ्याचे रोजचे पोट भरते ते मुख्यतः यावरच.

भाड्याकडे वळू, कारण सर्वांत मोठी आग तिथे धुमसते आहे आणि तिची बातमी पाचव्या पानावर दोन परिच्छेदांत संपते. ‘हेवी डिपॉझिट’ हा मुंबईकरांनी काढलेला तोडगा. पाच-दहा लाख रुपये एकरकमी ओनरकडे ठेवायचे, महिन्याचे भाडे नाममात्र किंवा शून्य, घर सोडताना पैसे परत. गावची जमीन विकून किंवा निवृत्तीचे पैसे घालून अनेक कुटुंबे असे राहतात. आता फसवणुकीची रीत पाहा. एजंट ओनरला सांगतो, चांगली पार्टी आहे, दर महिन्याला भाडे देईल. ओनर परदेशात किंवा दुसऱ्या शहरात, बहुधा वयस्कर; तो किल्ली आणि कधीकधी कुलमुखत्यारपत्रही देऊन मोकळा होतो. त्याच घरात एजंट दुसरे कुटुंब हेवी डिपॉझिटवर बसवतो आणि लाखोंची रक्कम स्वतःच्या खात्यात घेतो. पुढचे काही महिने ओनरला भाडे वेळेवर पोहोचते, ते अर्थातच त्याच रकमेतून. मग एक दिवस गाळ्याचे शटर उघडत नाही. ओनर भाडे थकले म्हणून दार ठोठावतो, आत राहणारा माणूस म्हणतो, मी तर दहा लाख दिलेत. दोघेही खरे बोलत असतात. पोलीस ठाण्यात दोघेही एकाच बाकावर बसतात.

यात सर्वांत चीड आणणारी बाब म्हणजे करारात ही रक्कम पुष्कळदा खरी लिहिलेलीच नसते. ‘स्टँप वाचेल’ असे एजंट सांगतो. किती वाचतो? महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आहे, आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून ते आकारतात. दहा लाखांच्या डिपॉझिटमुळे शुल्कात पडणारी भर वर्षाला 250 रुपये. एका वेळच्या थाळीच्या पैशांसाठी माणूस दहा लाखांचा एकमेव लेखी पुरावा सोडून देतो, आणि हा सल्ला त्याला देणाऱ्याने त्याच दिवशी त्याच्याकडून दलालीही घेतलेली असते. (काळा पैसा लपवायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण पेन्शनीवर जगणाऱ्या जोडप्याला कसला काळा पैसा?) महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे 55 वे कलम करार लेखी आणि नोंदणीकृत असावा अशी सक्ती करते आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकते, न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याने दोघांना भेटवले, मसुदा आणला, बायोमेट्रिकवाला घरी पाठवला, त्याचे या कलमात नावही नाही.

शहरात कोण कुठे राहणार, हेही हाच गाळा ठरवतो. ‘फॅमिली की बॅचलर? व्हेज का? आडनाव काय?’ हे प्रश्न जागा दाखवण्याआधी फोनवरच विचारले जातात, आणि उत्तर मनासारखे नसले की जागा अचानक ‘उठलेली’ असते. 2023 मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली तेव्हा गदारोळ झाला, कारण चित्रफीत होती. मुस्लिम, दलित, एकट्या राहणाऱ्या मुली यांना रोज मिळणाऱ्या नकारांची चित्रफीत नसते. ‘ओनरची कंडिशन आहे’ म्हणून एजंट हात वर करतो.

मग सरकारने काहीच केले नाही का? केले. जानेवारी 2023 मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. रेरा, करार, कार्पेट क्षेत्र, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे काय एवढे तरी एजंटाला कळावे, ही अपेक्षा गैर नव्हती. मुदतवाढी झाल्या, आणि 2024 मध्ये प्रमाणपत्र सादर न करणाऱ्या सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी स्थगित करावी लागली. या आकड्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांना आमचा साधा प्रश्न आहे. हे 20 हजार लोक दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे गेले? पाटी तीच, फोन तोच. नव्या प्रकल्पाचे बुकिंग बंद झाले असेल, तर रिसेल आणि भाड्याला त्यांना कोण अडवणार होते? नियम कडक करायचा आणि त्याच्या शेजारीच मोकळे मैदान ठेवायचे, याला नियमन म्हणत नाहीत. विचित्र म्हणजे याच व्यवसायाकडे केंद्राचे लक्ष पुरेसे आहे. वर्षाला 20 लाखांवर उलाढाल असलेल्या एजंटांना डिसेंबर 2020 पासून मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणले गेले. काळ्या पैशाचा माग त्यांनी ठेवावा, असे सरकारला वाटते. भाडेकरूच्या पांढऱ्या पैशाचा माग मात्र कोणी ठेवायचा, ते ठरलेले नाही.

प्रामाणिक एजंटांचाच यात सर्वाधिक तोटा आहे. इंडेक्स टू काढून पाहणारा, सोसायटीत थकबाकी विचारणारा, भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर स्पष्ट सांगणारा माणूस प्रत्येक शहरात आहे. तो तीन डील मोडतो, आणि शेजारच्या गाळ्यातला तीच घरे पुढच्या आठवड्यात विकतो. त्याला वाचवायचे तर नोंदणीची कक्षा रिसेल आणि भाड्यापर्यंत वाढवावी लागेल, आणि कागद तपासण्याचे शुल्क दलालीपासून वेगळे, व्यवहार झाला काय नि मोडला काय देय, असे ठरवावे लागेल. दोन्ही बाजूंकडून पैसे घेत असेल तर ते दोघांना आधी लेखी कळवायला हवे. टोकन आणि डिपॉझिट एजंटाच्या खात्यात जाता कामा नये. ते थेट मालकाच्या खात्यात, मालकाची ओळख पटल्यावरच जावे.

केंद्राचा कायदा बदलायला वर्षे लागतील. राज्याच्या हातातली एक गोष्ट मात्र छोटी आहे. नोंदणी झालेल्या दस्ताच्या इंडेक्स टूमध्ये लिहून देणाऱ्याचे नाव असते, लिहून घेणाऱ्याचे असते, मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ, भरलेले मुद्रांक शुल्क, सगळे असते. मध्यस्थाचा रकाना नसतो. तो रकाना विक्रीच्या आणि भाड्याच्या प्रत्येक दस्तात घालावा: मध्यस्थाचे नाव, ओळख क्रमांक, कोणाकडून किती दलाली घेतली आणि डिपॉझिट कोणाच्या खात्यात गेले. मध्यस्थ नसेल तर ‘नाही’ असे दोन्ही पक्षांनी सही करून लिहावे. एकाच माणसाने एकाच वर्षात कोणत्या चाळीस घरांची डिपॉझिटे गोळा केली, हे निदान शटर बंद होण्याआधी कोणाला तरी दिसेल. मे-जूनमध्ये शाळा बदलतात तशी घरेही बदलतात, आणि अकरा महिन्यांचे करार संपून नवे करार याच सुमारास गठ्ठ्याने नोंदवले जातात. महसूल खात्याने येत्या हंगामाआधी हा रकाना आणावा.