ऐकूं येईल असा पाठ

सात रस्त्यावर उभें राहून समोरच्या मित्रास हाक मारून पाहावी. रिक्षांचे भोंगे, मोटारसायकलींची घरघर आणि बसगाड्यांचा गडगडाट यांत ती हाक चार पावलांवरहि पोहोंचत नाहीं. घरीं मोबाइलवर जे पाठ विद्यार्थी ऐकतात, त्यांपैकीं पुष्कळांची स्थिति याहून फारशी वेगळी नसते.

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी होऊन शाळा बंद झाल्या, तेव्हां आम्हींहि घाईघाईनें पाठ ध्वनिमुद्रित केले. मुलें ते पुरते ऐकत नाहींत, अशी आमची तक्रार असे. पुढें ते पाठ आम्हीं स्वतः ऐकले आणि खजील झालों. पंख्याची घरघर, उघड्या भिंतींचा घुमारा, मध्येंच कुकरची शिटी! दोष आमचा होता. तो आम्हीं मुलांच्या माथीं मारला होता.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, अशा पाठांत चित्रापेक्षां आवाजाची काळजी अधिक घेतली पाहिजे. चित्र अंधुक असलें तर मूल पुस्तक उघडून पाहतें. शब्दच कळला नाहीं तर तें काय करील? ज्या घरांत खोली एक, माणसें पांच आणि मोबाइलहि एकच, तेथें तोच पाठ पुनःपुन्हा लावून मूल थकतें आणि 'आपणांसच समजत नाहीं' असें मानूं लागतें. दृष्टिहीन विद्यार्थ्यास तर आवाज हेंच पुस्तक होय.

यास मोठा खर्च लागतो, ही सबब आम्हांस मान्य नाहीं. कठीण भिंत आवाज परत फेंकते, मऊ कापड तो शोषून घेतें. आणि कापडाची वाण सोलापुरास कधींच नव्हती. ताणून बांधलेल्या एकेरी चादरीचा उपयोग थोडा. तीच चुण्या पाडून, भिंतीपासून वीतभर दूर टांगावी. जाड गोधडी मिळाल्यास उत्तम. ध्वनिग्राहक तोंडापासून सुमारें एक वीत, पण किंचित बाजूस धरावा. नाहींतर 'फ' आणि 'भ' यांचा श्वास त्यावर आदळून फटका ऐकूं येतो. अंतर दुप्पट केलें तर थेट आवाज सुमारें सहा डेसिबलनें उतरतो, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तितकाच राहतो. आवाजाची पातळी फार चढवूं नये. माथा एकदां कापला गेला कीं तो पूर्ववत् होत नाहीं. पंखा बंद ठेवावा लागतो, आणि आमचा उन्हाळा तर सर्वांस ठाऊक आहे. यास्तव पहाटेची वेळ साधावी.

परंतु साधनापेक्षां तयारी मोठी. मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमांत पाठ आधीं लिहून काढतात, मग त्यास आवाज देतात. मराठीसह अनेक भाषांत ते पाठ झाले आहेत. आमच्याच जिल्ह्यांत, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत, रणजितसिंह डिसले यांनीं क्यूआर संकेताच्या योगें पाठ्यपुस्तकास कविता व पाठ जोडून दिले. २०२० सालीं त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. लहान गांवाची शाळा हें करूं शकते, तर शहरानें मागें कां राहावें?

उच्चाराविषयीं एक शब्द. 'चहा' आणि 'चाक' यांतील 'च' निराळा आहे. 'ळ' आणि 'ण' स्पष्ट उमटले पाहिजेत. पण ज्याच्या घरीं कानडी, तेलुगू वा उर्दू बोलतात, त्यानें आपला हेल लपवूं नये. आम्हांस स्पष्टता हवी, परका हेल नको. आतां संगणकहि पाठ वाचून दाखवितो, असें कोणी म्हणेल. तो वाचतो खरा. परंतु गेल्या आठवड्यांत आपला कोणता विद्यार्थी कोणत्या शब्दावर अडखळला, हें त्यास ठाऊक नसतें. शिक्षक त्याच शब्दापाशीं थांबतो.

पालकांस विनंति इतकीच कीं, पाठ चालूं असतां अर्धा तास दूरदर्शनसंच बंद ठेवावा. आणि विद्यार्थ्यांनो, पाठ ऐकूं न आल्यास तसें निःसंकोच सांगा. तो उद्धटपणा नव्हे. तुम्हीं तसें वेळींच सांगितलें असतें, आणि आम्हीं विचारलें असतें, तर आमचे ते पाठ वायां गेले नसते.